राखुंडी गावची विहीर

मित्रांनो, मला चार भोकं आहेत आणि त्यातलं एक तेरा वर्षं बुजवलेलं होतं. कॅरमबोर्डाला हे शोभत नाही, ते मलाही कळतं. पाहणारा आधी हसायचा, मग त्या चौथ्या भोकावर बोट ठेवून विचारायचा, हे कुणी केलं? मी गप्प राहायचो, कारण ते करणारी माझी लाडकी होती आणि तिच्या चुकीत थोडा वाटा माझाही होता. आता सगळं मार्गी लागलं आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही.

माझा जन्म परळीत, आसाराम मिस्त्रींच्या दुकानात झाला. चौकट बाभळीची, प्लाय बाहेरून आणलेला आणि चारही भोकांखाली मिस्त्रींच्या बायकोनं विणलेल्या दोऱ्याच्या जाळ्या. मिस्त्री कमी बोलायचे. गिऱ्हाईक आलं की माझ्यावर हात फिरवून एवढंच म्हणायचे, "माशी बसली तर घसरंल." पुढे माझ्यावर शेकडो माश्या बसल्या, एकही घसरली नाही. तरी ते वाक्य आठवलं की अजून बरं वाटतं.

मला विकत घेतलं जीवनरावांनी. वीज केंद्रात कोळशाच्या विभागात त्यांची नोकरी, कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर, घरात बायको वनिता आणि एक मुलगी, चैताली. त्या वर्षी जयंतीनिमित्त कॉलनीत कॅरमच्या स्पर्धा होत्या आणि मंडपाच्या मधोमध मला मांडलं होतं. अंतिम सामना बघायला माणसं खुर्च्यांवर उभी राहिली होती. अंगावर बोरिक पावडर, डोक्यावर मोठा बल्ब आणि स्ट्रायकरचा टक्क असा आवाज. जिंकणाऱ्यानं ढाल घेण्याआधी मला नमस्कार केला. अशी चार वर्षं मी मानात काढली. आपल्यावाचून जयंती होणार नाही असं मला वाटायला लागलं होतं.

मग एका आषाढात मी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा असताना दोन दिवस भिजलो आणि माझा एक कोपरा खाली बसला. कुठूनही मारलेली सोंगटी त्या कोपऱ्याकडे वळायला लागली. पुढच्या जयंतीला नवा बोर्ड आला. वनिताताईंनी माझ्यावर कुरडया वाळवल्या, शेवया वाळवल्या, एकदा तर तुरीची डाळ. एकोणीस सोंगट्यांपैकी बारा कुठे गेल्या कुणास ठाऊक. स्ट्रायकरही गेला. उरलेल्यांत लाल राणी होती, काठाला टवका गेलेली.

आता राखेचं सांगतो. परळीत तेव्हा वीज केंद्रातून उडणारी राख ही काही मुद्दाम सांगायची गोष्ट नव्हती. दोरीवरचा शर्ट झटकून घालायचा, झाकण काढण्याआधी माठ पुसायचा, झालं. व्हरांड्यात पडलेल्या माझ्यावरही रोज पिठासारखा मऊ थर बसायचा. बोरिक पावडर लावून मिरवलेला मी आता राखेत पडून होतो आणि मला त्याची फार लाज वाटत होती.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत चैताली माझ्यापाशी येऊन बसली. दहा वर्षांची असेल. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि करायला काही नव्हतं. तिनं माझ्यावरच्या राखेत बोटानं एक रेघ ओढली आणि म्हणाली, "हा रस्ता."

शेजारच्या क्वार्टरातला पवन तिथंच बसून आंब्याची कोय चोखत होता. तो म्हणाला, "रस्त्याच्या शेवटाला माझं हॉटेल हाय. चहा मिळतो, पर दूध न्हाई."

कॉलनीच्या भिंतीपलीकडे पत्र्याच्या घरांची वस्ती होती. तिथली योगिता बराच वेळ भिंतीवर बसून हे बघत होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती खाली उतरली, कोपऱ्यात पडलेली राणी उचलून राखेत ठेवली आणि म्हणाली, "त्या हाटेलात पाणी बी न्हाई. म्हणून ही बाई आलीय. हिचं नाव कौतिका. जमिनीला कान लावून पाणी कुठं हाय ते सांगती."

चैतालीनं लगेच विचारलं, "आन मंग?"

मित्रांनो, तो खेळ त्या एका प्रश्नातून सुरू झाला आणि पुढे तीन वर्षं चालला.

चौथा गडी विजयसिंह. जवळच्या एका गावचे मोठे बागायतदार आणि पुढारी अर्जुनराव, त्यांचा हा मुलगा शाळेसाठी कॉलनीत आत्याकडे राहायचा. तिसऱ्या दिवशी तो कमरेवर हात ठेवून येऊन उभा राहिला.

"इथला म्होरक्या कोण बे?" त्यानं पवनला विचारलं.

"कुणीच न्हाई."

"मंग खेळ चालवतं कोण?"

"ज्याचं बोट राखंत हाय तो," योगिता म्हणाली. "बोट उचललं की दुसऱ्याची बारी."

विजयसिंह बराच वेळ उभाच राहिला. ज्या बैठकीत मधली खुर्ची रिकामी आहे अशी बैठक त्यानं घरी कधी पाहिली नव्हती. शेवटी बसला, आणि पहिल्याच बारीला बोट टेकवून म्हणाला, "मी ह्या गावचा सरपंच." कुणी नाही म्हणालं नाही. योगितानं अगदी साळसूदपणे विचारलं, "आन मंग?" आणि आपली बारी येताच सांगून टाकलं, "ह्या गावात सरपंचानं रोज सकाळी समद्या गावची राख झाडायची आसती." पवन हसून हसून लोळला. विजयसिंहाचे कान लाल झाले, पण खेळाची रीत मोडून उठून जाणारा तो नव्हता. त्यानं मुकाट्यानं फुंकर मारून एक गल्ली साफ केली आणि म्हणाला, "मंग गावाचं नाव राखुंडी."

त्या खेळाची रीत अशी होती. ज्याची बारी त्यानं राखेत एक गोष्ट काढायची आणि एक गोष्ट सांगायची. एकदा सांगितलेलं पुसायचं नाही, आणि दुसऱ्याच्या बोलण्याला 'न्हाई' म्हणायचं नाही. आवडो न आवडो, पुढेच जायचं. एखादं काम फत्ते होतं की फसतं, असं अडलं तर एका बाजूनं दगडावर घासून पांढरे केलेले चार चिंचोके टाकायचे. पांढरे जास्त तर फत्ते, काळे जास्त तर फजिती, आणि चारी काळे पडले तर वाईटात वाईट. ह्यात कुणी पंच नव्हता, कुणी गुरुजी नव्हते, आणि उद्या काय होणार हे चौघांपैकी एकालाही ठाऊक नसायचं. ते मलाही ठाऊक नसायचं, आणि त्यातच मजा होती.

माझी चार भोकंही गावाच्या कामी आली. पवनच्या बाजूचं भोक रेल्वे स्टेशन, विजयसिंहाच्या बाजूचं पोलीस चौकी, चैतालीच्या बाजूचं पोस्टाची पेटी. चैताली राखुंडीची पोस्टवाली होती. तिला सगळ्यांची पत्रं पाठ असायची. आणि योगिताच्या बाजूचं, म्हणजे माझा तो बसका कोपरा, ती गावची विहीर. पावसात भिजून वाया गेलेला माझा कोपरा त्या मुलांनी गावातली सगळ्यात महत्त्वाची जागा करून टाकला. मला राखेची लाज वाटायची बंद झाली ती तेव्हापासून.

योगितासारखं सांगणारं त्यांच्यात दुसरं कुणी नव्हतं. पवनचं हॉटेल पेटायचं, विजयसिंहाच्या निवडणुका व्हायच्या, पण योगितानं राखेत बोट टेकवलं की बाकीचे पुढे सरकून बसायचे. कौतिकानं एकदा रुसलेल्या विहिरीला बोलतं केलं. एकदा तिनं सरपंचाच्या खुर्चीखालीच पाणी आहे म्हणून सांगितलं आणि विजयसिंहाला तीन दिवस उभं ठेवलं. वनिताताई गहू निवडता निवडता ऐकत बसायच्या आणि त्यांच्या सुपातले खडे तसेच राहायचे.

पण दिवाळी झाली की वस्तीपाशी ट्रॅक्टर येऊन उभे राहायचे. योगिताचे आईवडील ऊसतोडीला जायचे आणि तीही त्यांच्याबरोबर जायची. पहिल्या वर्षी जाण्याआधी ती धावत आली. तिनं राणी उचलली, फ्रॉकला पुसली आणि माझ्या चौकटीच्या काठावर ठेवली.

"मी येईस्तोवर हिला हात लावायचा न्हाई. कौतिका जत्रंला गेलीय आसं समजा. तिला मारायचं न्हाई, तिचं लगीन लावायचं न्हाई, तिची विहीर कुणाला द्यायची न्हाई."

चौघांनी एकमेकांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. तेव्हापासून ती रीत पडली. पवन आजोळी गेला की त्याची सोंगटी काठावर. विजयसिंह गावी गेला की त्याची काठावर. जो नाही, त्याच्या माणसाला हात लावायचा नाही. चैताली रोज माझ्यावरची राख सारखी करायची, पण त्याआधी काठावरच्या राणीवरची राख ओढणीच्या टोकानं पुसायची. गुढीपाडव्याच्या आगेमागे ट्रॅक्टर परत यायचे. उन्हानं रापलेली योगिता भिंतीवरून उडी मारायची आणि पहिला प्रश्न विचारायची, "आन मंग?"

अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षीचं मला सांगायला जड जातं, पण सांगतो.

पौष महिना होता. योगिता नव्हती आणि तिच्यावाचून खेळ रंगत नव्हता. पवन दर दुसऱ्या बारीला म्हणायचा, "योगी आसती तर कौतिकानं आसं केलं आसतं." विजयसिंहही म्हणायचा. एका दुपारी चैतालीनं फार मन लावून एक लांबलचक पत्र सांगितलं, आणि ते संपल्यावर पवन जांभई देत म्हणाला, "योगी कधी येणार गं?" चैतालीचा चेहरा मी खालून बघत होतो. बोर्ड तिच्या वडिलांचा, व्हरांडा तिचा, रोज राख सारखी करणारी ती, आणि वाट मात्र सगळे दुसरीचीच बघणार. बारा वर्षांच्या मुलीला हे लागलं, आणि तिचं चुकलं असं मी अजूनही म्हणणार नाही. चुकलं ते पुढचं.

तिची बारी आली. ती म्हणाली, "कौतिका जत्रंहून आली."

पवन दचकला. "चैते, हात लावायचा न्हाई ठरलंय."

"हात कुठं लावला? बोलतेय फक्त. कौतिका आली आन विहिरीत उतरली. आन वरून दरड कोसळली."

तिला कुणाला अडवता येईना. अडवणार कसं? सांगितलेलं पुसायचं नाही आणि 'न्हाई' म्हणायचं नाही, ही त्यांची त्यांनीच पाडलेली रीत. एखादा पंच असता तर त्यानं 'हे धरत नाही' म्हणून टाकलं असतं. पण त्या खेळाला मालक नव्हता. शेवटी विजयसिंह हळूच म्हणाला, "चिंचोके टाक. वाचंल."

चैतालीनं चिंचोके टाकले. चारी काळे पडले.

तिनं काठावरची राणी खाली घेतली आणि बोटानं टिचकी मारली. अगदी हलकी टिचकी होती ती, मित्रांनो. सपाट बोर्ड असता तर राणी मध्येच थांबली असती. पण माझा तो कोपरा बसलेला. राणी वळली, उताराला लागली आणि माझ्या जाळीत जाऊन पडली. चुकीतला माझा वाटा म्हणालो तो हा.

चैताली रडली नाही. उद्या काढू म्हणाली. पण सांगितलेलं पुसायचं नाही, त्यामुळे ती उद्याही काढता येईना आणि परवाही. योगिता आली की ती काहीतरी मार्ग काढेल, तिच्याइतकं कुणाला सुचतंय, अशा आशेवर तिघं बसले.

पाडवा आला. ट्रॅक्टर आले, वस्तीत गाठोडी उतरली. चैताली सकाळपासून भिंतीपाशी उभी होती. योगिता दिसेना तेव्हा तिनं वस्तीतल्या छबुबाईंना विचारलं.

"ते न्हाईत यायचे आता," डोक्यावरचं गाठोडं सावरत छबुबाई म्हणाल्या. "तिच्या बापाला तिकडंच कारखान्यावर रखवालदारी भेटली. तिकडंच ऱ्हायले समदे."

चांगली बातमी होती ती. बापाला बारमाही काम, लेकराला एकाच जागी शाळा. पण चैतालीला ती तशी ऐकू कशी येणार? तिनं पौषात कौतिकाला विहिरीत ढकललं आणि पाडव्याला योगिता आली नाही. बारा वर्षांच्या डोक्यानं दोन्हीची गाठ मारली, आणि ती गाठ पुढे शहाणपण आलं तरी सुटली नाही.

त्याच दुपारी तिनं राणीसकट माझ्या त्या भोकात चिंधी कोंबली, वर मेणबत्ती पेटवून मेण ओतलं आणि ते थंड होईपर्यंत अंगठ्यानं दाबून धरलं. अंगठा भाजला असणार. मला म्हणाली, "आता कुणी पडणार न्हाई. आन ही हरवणार बी न्हाई." त्यानंतर राखुंडीत कुणी बोट टेकवलं नाही.

मग सगळं पांगलं. विजयसिंह बीडला गेला. मोठेपणी तो आपल्या गावचा खरोखरच सरपंच झाला असं ऐकतो, राख झाडतो की नाही ते कळलं नाही. पवन आधी लातूरला आणि मग पुण्याला गेला. चैताली शिकून माजलगावला पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात लागली. मी कपाटामागे उभा. दर उन्हाळ्यात माझ्या कोपऱ्यातलं मेण मऊ व्हायचं आणि माझा जीव खालीवर व्हायचा, की आता ही राणी निसटते आणि उंदीर नेतो. पावसाळा आला की मेण पुन्हा घट्ट व्हायचं. अशी तेरा वर्षं मी तिला सांभाळलं. दुसरं काही काम मला उरलंच नव्हतं.

वीज केंद्रातले जुने संच बंद झाले, क्वार्टरं रिकामी होत गेली, आमच्या समोरच्या भिंतीतून पिंपळ उगवला. राखही पूर्वीसारखी पडेना. मित्रांनो, राखेची कुणाला आठवण यावी, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण ती मला यायची.

मागच्या वर्षी जीवनराव निवृत्त झाले आणि चैतालीकडे माजलगावला जायचं ठरलं. क्वार्टर सोडायच्या दिवशी भंगारवाला धुळाजी हातगाडी घेऊन आला. मोडका कूलर, पत्र्याचे डबे, सायकलची चौकट गाडीवर चढली. मग जीवनरावांनी मला कपाटामागून ओढून काढलं.

"हे बी घेऊन जा, धुळाजी. जागा आडवतंय."

मी कूलरवर आडवा पडलो. धुळाजीनं दोरी आवळली. माझ्या पोटात ती राणी होती आणि मला ओरडता येत नव्हतं. गाडी फाटकापर्यंत गेली असेल, तेवढ्यात मागून चैताली धावत आली, अनवाणी.

"काका, तो न्हाई. तो उतरवा."

"अगं, एक कोपरा बसलाय, एक भोक बुजलंय," जीवनराव म्हणाले. "काय करती त्याचं?"

"पप्पा, त्यात दुसऱ्याची चीज हाय."

दुसऱ्याची म्हणजे कुणाची, ते जीवनरावांनी ओळखलं. मग म्हणाले, "ती योगिता माजलगाव डेपोत कंडक्टर हाय म्हणतेस ना? वर्ष झालं तुला कळून. आजून बोलली न्हाईस?"

चैताली दोरी सोडत राहिली.

सामान टेंपोनं गेलं. मला मात्र चैतालीनं स्वतःबरोबर ठेवलं, आणि आम्ही परळीच्या बसस्थानकावर आलो. माजलगावची एक गाडी आली. तिनं दारातून आत पाहिलं आणि सोडली. दुसरीही सोडली. मला वाटलं, माझ्यामुळे गर्दीत चढता येत नसेल. तिसरी आली. दारात खाकी कपड्यातली, तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवलेली एक तरुण बाई उभी होती. रापलेला रंग, तीच हनुवटी. चैताली चढली आणि मागच्या बाकावर मला मांडीवर घेऊन बसली.

तिकिटं देत योगिता आमच्यापाशी आली. "कुठं?"

"माजलगाव."

"हे काय हाय? लगेज लागंल." बोलता बोलता तिची नजर माझ्यावर गेली. बाभळीची चौकट, खाली बसलेला कोपरा, पिवळं पडलेलं मेण. मशीनवरची तिची बोटं थांबली. मग तिनं तिकीट फाडून दिलं आणि पुढच्या बाकाकडे वळली.

सिरसाळा आलं, उतारू उतरले, नवे चढले. ती आली नाही. चैतालीनं माझ्यावर डोकं टेकवलं होतं. तेलगाव मागे पडलं आणि गाडी अर्धी रिकामी झाली, तेव्हा योगिता मागे आली आणि शेजारी बसली.

"ह्या वर्षात आदी दोनदा तू मला बघून गाडीतून उतरलीस," ती समोर बघत म्हणाली. "मला वाटलं, क्वार्टरातल्या पोरी आता वळख देत न्हाईत."

"तसं न्हाई, योगे."

"मंग कावून?"

चैतालीनं मेण दाखवलं. तिनं सगळं सांगितलं, पौषातली दुपार, जांभई, चारी काळे. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाली, "मी तुझ्या कौतिकाला मारलं. तू न्हवतीस तवा. शब्द देऊन."

एका म्हाताऱ्यानं घंटी वाजवायला सांगितली, योगिता उठली, त्याला फाट्यावर उतरवून परत आली.

"आमी तिकडं कोपीत, पाल्याच्या खोपटात ऱ्हायचो," ती म्हणाली. "उसाचं पाचट जाळलं की राख व्हायची. म्या तिच्यात राखुंडी काढायचे, बारक्या भावंडान्ला घेऊन. पवनचं हाटेल, इज्याची चौकी, समदं. तुमी कुणी नव्हते, तर सोंगट्यांच्या जागी ठिवलेल्या तुमच्या खड्यांना कुणी हात लावायचा न्हाई म्हणून सांगितलं व्हतं. तुझी पोस्टवाली सात वर्सं ठिवली म्या. तिला कदी काई हू दिलं न्हाई. ती म्हणायची, परळीहून पत्र यायचंय. भावंडं रोज इचारायची, आलं का."

चैताली रडायला लागली. योगितानं तिला गप्प राहा असं म्हटलं नाही. रडू दिलं. राग तिलाही आला होता आणि तो तिच्या आवाजात मला ऐकू येत होता. मग तिनं कमरेची किल्ली काढली आणि माझं मेण उकरायला घेतलं. मेण निघालं, चिंधी निघाली, आणि तेरा वर्षांनी ती लाल राणी तिच्या तळहातावर पडली. टवक्यासकट.

रस्त्याचं काम चालू होतं. उघड्या खिडक्यांतून आलेली धूळ माझ्यावर बसली होती, पातळ, मऊ. योगितानं त्या धुळीत बोट टेकवलं. मला कसं वाटलं ते मला सांगता यायचं नाही.

"दरड कोसळली," ती म्हणाली. "ते झालंच. त्याला मी न्हाई म्हणणार न्हाई. वरच्या लोकान्ला वाटलं, संपली कौतिका. पर खाली काय झालं ते कुणी बघितलं? तिला खाली पाणी लागलं. ती पाण्याच्या अंगानं चालत ऱ्हायली. लई वर्सं चालली. आन एक दिस दुसऱ्याच जागी वर निगाली."

"कुठं?" चैतालीनं विचारलं.

योगितानं बोट उचललं. "आता तुझी बारी हाय. तूच सांग."

चैतालीनं डोळे पुसले. तिनं राणी उचलून स्वतःच्या बाजूच्या भोकापाशी, पोस्टाच्या पेटीपाशी ठेवली.

"पोस्टवालीच्या दारात. ती पत्र घेऊन निघालीच व्हती. लई उशीर झाला व्हता तिला."

खिडकीतून माजलगावच्या धरणाकडचा ओला वारा आला. योगिता पहिल्यांदा हसली. तिनं विचारलं, "आन मंग?"

मित्रांनो, मी लाकडाचा बोर्ड आहे, तुम्हाला शिकवणारा मी कोण? पण एक मागणं आहे. तुमच्या घरात माझ्यासारखं काही जुनं पडलेलं असेल तर ते भंगारात देण्याआधी एकदा आत बघा, त्यात कुणाचं काही राहिलंय का. आणि तुमच्या खेळातला एखादा गडी दूर गेला, तर त्याची जागा त्याची म्हणूनच राहू द्या. परत आलेल्याला आपली सोंगटी होती तिथंच सापडली की त्याला किती बरं वाटतं, ते मी पाहिलं आहे.

आता मी माजलगावला चैतालीच्या घरी असतो. योगिताची सुट्टी असली की ती येते, दोघी मला गच्चीवर घेऊन जातात आणि चुलीतली राख चाळून माझ्यावर पसरतात. बसका कोपरा मिस्त्रीला दाखवू असं जीवनराव म्हणाले होते, पण दोघींनी नको म्हटलं. विहीर तिथंच हवी. पवन आणि विजयसिंह अजून आलेले नाहीत. त्यांच्या सोंगट्या माझ्या काठावर ठेवलेल्या आहेत. चैताली आधी त्यांच्यावरची धूळ पुसते आणि मगच खेळाला बसते.